पापणी उलटून बघा

आम्ही पशुसखी बोलतोय. मागच्या वेळी शेळ्यांच्या लसीबद्दल बोललो होतो. त्यानंतर रेडिओवर जे फोन आले, त्यातले पुष्कळसे लसीबद्दल नव्हतेच, जंतांबद्दल होते. "औषध पाजलं, तरी शेळी वाळतच चाललीय." "पावसाला सुरुवात झाल्यापासून करडं पटापट गेली, आणि हगवणसुद्धा नव्हती हो." एका मावशींनी तर सरळच विचारलं, "तुमचं ते जंताचं औषध खोटं असतंय का?"

मावशी, औषध बहुतेक वेळा खोटं नसतं. पण तुमचा प्रश्नही खोटा नाही. औषध खरं असूनही काम करत नाही, हे जगभर घडतंय आणि आपल्या गायरानावरही घडू शकतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांपुढे हाच प्रश्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तिथल्या एका पशुवैद्याने त्यावर जी वाट काढली, ती आज सांगायची आहे. ती वाट प्रयोगशाळेतून जात नाही. गोठ्यातून जाते, आणि त्यासाठी लागतात ते दोन अंगठे, दोन डोळे आणि दिवसाचा उजेड.

आधी जंताची ओळख करून घेऊ. शेळीच्या लेंड्यांत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की आपला जीव घाबरतो. ते पट्टकृमीचे तुकडे, म्हणजे फितीसारख्या लांब जंताचे. दिसायला किळसवाणे, पण मोठ्या शेळीला ते सहसा फार त्रास देत नाहीत. जीव घेणारा जंत वेगळाच आहे, आणि तो लेंडीत डोळ्यांना दिसत नाही. त्याचं नाव हिमाँकस. शेळीला चार पोटं असतात. त्यातलं चौथं, ज्याला खरं पोट म्हणतात, तिथे हा राहतो. मादी आपल्या बोटाच्या पेराएवढी. रक्त प्यायल्यामुळे तिचं आतडं लाल दिसतं आणि त्याभोवती अंड्यांची पांढरी नळी पीळ घालून असते. लाल आणि पांढरा दोरा एकत्र वळावा, तशी ती दिसते. मेलेल्या शेळीचं पोट डॉक्टरांनी उघडून दाखवलं, तर नीट बघा. एकदा बघितलं की विसरत नाही.

हा एक जंत दिवसाला पितो किती, तर रक्ताचा जेमतेम एक थेंब. मिलिलिटरचा विसावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण शेळीच्या पोटात असे हजार जंत असले तर दिवसाला पन्नास मिली रक्त जातं, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाइतकं. तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं सुमारे दोन लिटर. आता तुम्हीच हिशेब करा. आणि एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती सगळी लेंडीतून खाली पडतात, आपल्याच गायरानावर.

हगवणीचं आता सांगतो, कारण इथेच पुष्कळ जणी फसतात. हिमाँकसमध्ये शेळीला बहुधा हगवण लागत नाही. लेंड्या घट्ट आणि चांगल्या पडतात. शेळी चरतेसुद्धा. फक्त ती कळपाच्या मागे राहते, चढ आला की थांबते, धापा टाकते. मग एखाद्या दिवशी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ती जास्त दिसते, सकाळी ओसरल्यासारखी वाटते, म्हणून आपण म्हणतो, "बरी झाली." ती बरी झालेली नसते. रक्तातला कस जंतांनी ओढून नेला म्हणून ते पाणी उतरलेलं असतं.

लेंडीत पडलेल्या अंड्याला ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यातून निघालेली अळी पोटात जायला तयार होते. ही अळी ओल्या गवतावर, दवाच्या किंवा पावसाच्या थेंबातून वर चढते, पण फार वर जात नाही. मुख्यतः वीतभराच्या आतच राहते. शेळीने ते गवत खाल्लं की अळी पोटात, आणि तीनेक आठवड्यांनी ती स्वतः अंडी घालायला मोकळी. म्हणून पाऊस सुरू झाला की महिना-दीड महिन्याने करडं गळायला लागतात. शेळी ही मुळात झाडपाला ओरबाडून खाणारी. बोर, बाभूळ, शेवरी, हादगा, मान वर करून खाल्लेल्या पाल्यावर ही अळी नसते. आपण झाडं तोडली, शेळीला गवतावर आणलं आणि जंत तिच्या तोंडाशी नेऊन ठेवले, असं आमचं स्पष्ट मत आहे. गवतावर वाढलेल्या मेंढीच्या मानाने शेळीचं अंग या जंताशी लढायला कच्चं असतं, तेही त्यामुळेच.

आता औषधाकडे येऊ. थायाबेंडाझोल नावाचं औषध १९६१ साली आलं, तेव्हा जंतांचा प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं होतं. आपण आज जे अल्बेंडाझोल पाजतो, ते त्याच घराण्यातलं. अवघ्या तीन वर्षांनी, १९६४ साली, त्या औषधाला न जुमानणारे हिमाँकस मेंढ्यांत सापडल्याची नोंद अमेरिकेत झाली. पुढे १९८१ साली आयव्हरमेक्टिन आलं. ते इतकं गुणी की त्याच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या यान फान वायक आणि फाफा मलान या दोघांनी १९८८ सालीच छापून सांगितलं होतं, की आमच्याकडच्या मेंढ्यांतले हिमाँकस आयव्हरमेक्टिनलाही दाद देत नाहीत आणि इतर गटांच्या औषधांनाही नाही. तिथे काही कळप असे झाले की जे पाजावं ते पाण्यासारखं.

असं होतं कसं? जंतांमध्येही आपल्यासारखे काही चिवट असतात. हजारात एखादा औषध पचवतो. आपण कळपातल्या झाडून सगळ्या शेळ्यांना औषध पाजलं की नऊशे नव्व्याण्णव मरतात आणि तो एक उरतो. मग पुढच्या तीन आठवड्यांत गायरानावर जी अंडी पडतात, ती फक्त त्याच्याच वंशाची. त्याच्याशी मिसळायला दुसरे कोणी उरलेलेच नसतात. वर्षातून चार-पाच वेळा हेच केलं की काही वर्षांत सगळं गायरान चिवटांचं. औषधामुळे जंत चिवट बनत नाही, आधीपासून चिवट होता तो मागे उरतो. आणि तो उरतो आपण बाकीच्यांना साफ केल्यामुळे.

फाफा मलान हे पशुवैद्य. औषधं हरत असलेल्या मुलखात ते काम करत होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न असा, की सगळ्यांना पाजायचं नसेल तर कुणाला पाजायचं? लेंडी तपासून अंडी मोजता येतात, पण हजार मेंढ्यांच्या लेंड्या दर पंधरवड्याला कोण तपासणार? रक्त काढून लाल पेशींचं प्रमाण बघता येतं, पण तेही तसंच खर्चाचं. मग त्यांनी बघितलं डोळ्यात.

बायांनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गरोदरपणात दवाखान्यात गेलो की नर्सबाई सगळ्यात आधी काय करतात? आपली खालची पापणी ओढून बघतात आणि म्हणतात, "रक्त कमी आहे, गोळ्या घ्या." रक्त पिणाऱ्या जंताने शेळीचंही रक्तच कमी होतं. मग तिच्या पापणीतही ते दिसायला हवं. कल्पना एवढीच. पण कल्पना सुचणं वेगळं आणि ती खरी ठरवणं वेगळं, आणि मलान यांचं खरं काम त्या दुसऱ्या गोष्टीत आहे. त्यांनी आणि फान वायक यांनी मेंढ्यांच्या पापणीचा रंग आणि त्याच मेंढ्यांच्या रक्ताची तपासणी एकमेकांशी ताडून पाहिली. रंग फिका तसं रक्त कमी, हे जुळतं असं त्यांनी १९९२ साली मांडलं. त्या देशाच्या पूर्वेला बाडप्लास नावाचं गाव आहे. तिथल्या एका कळपातल्या काहीशे मेंढ्या त्यांनी जंतांच्या हंगामात पुन्हा पुन्हा तपासल्या. दिसलं असं, की बहुतेक मेंढ्यांना औषधाची गरजच पडत नव्हती, किंवा पडली तर एखादवेळ. पुन्हा पुन्हा फिक्या पडणाऱ्या थोड्याच होत्या.

हे आम्हाला पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो होतो. कळपातले बहुसंख्य जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. बाकीच्यांच्याही पोटात जंत असतात, पण त्यांना ते झेपतात. म्हणजे सरसकट पाजताना आपण बरंचसं औषध अशा शेळ्यांना पाजतो, ज्यांना त्याची गरज नसते.

पुढे गॅरेथ बाथ या तिथल्याच प्राध्यापकांच्या साथीने १९९६ साली रंगांचं एक कार्ड तयार झालं. त्यात मेंढीच्या पापणीचे पाच रंग छापलेले. एक म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल, पाच म्हणजे पांढरीफटक. कार्डाला नाव दिलं फामाचा. फाफा, मलान आणि चार्ट या तीन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून. ऐकायला मात्र 'कुणाचा? फामाचा!' असं आपल्या मराठीतलंच वाटतं, आणि त्यामुळे आमच्या बैठकीत ते नाव एकदा सांगितल्यावर कुणी विसरलं नाही.

फान वायक हे प्रिटोरियाजवळच्या ओंडरस्टेपूर्टच्या पशुवैद्यक महाविद्यालयात होते. त्यांनी यातला दुसरा, जास्त खोल मुद्दा लावून धरला. ज्या शेळ्यांना औषध पाजलं नाही, त्यांच्या पोटातले जंत आणि गायरानावर पसरलेल्या अळ्या, यांची औषधाशी गाठच पडलेली नसते. ते साधे, औषधाला बळी पडणारे जंत. ते मागे असले की पाजलेल्या शेळ्यांतून वाचलेल्या एखाददुसऱ्या चिवटाची अंडी त्यांच्या अंड्यांच्या गर्दीत हरवून जातात आणि चिवटांचा वंश माजत नाही. म्हणजे औषध टिकवायचं असेल तर काही जंत मुद्दाम जगू द्यायचे. २००१ साली त्यांनी लिहिलं, की औषधं निकामी होण्यामागचं बहुधा सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि आपण शास्त्रज्ञांनीच त्याकडे दुर्लक्ष केलं.

हे ऐकून ज्यांच्या कपाळावर आठी पडली असेल त्यांनी कपाशी आठवावी. बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट यायचं, साध्या कपाशीचं. कडेने लावायला सांगायचे. कितीतरी शेतांत ते बांधावर फेकलं गेलं. ते छोटं पाकीट याच कामासाठी होतं, साधी बोंडअळी थोडी जिवंत राहावी म्हणून. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीला कसं जुमानलं नाही, ते आपल्या मराठवाड्याला कुणी सांगायला नको.

हे सगळं मेंढ्यांचं झालं. शेळ्यांचं काय? आणि हजार मेंढ्यांच्या मालकाचं ठीक, आपल्यासारख्या पाच-दहा शेळ्यावालीचं काय? हा प्रश्नही तिथे विचारला गेला. एड्रियानो वाट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब शेळीपालकांच्या शेळ्यांवर तेच कार्ड तपासून पाहिलं आणि २००१ साली त्याचा अहवाल छापला. कार्ड शेळ्यांनाही चालतं. मात्र मेंढीत तीन नंबरला थोडं थांबता येतं, तसं शेळीत थांबू नये, तीनलाच पाजावं. नाहीतर खरोखर आजारी असलेल्या काही शेळ्या हातातून सुटतात.

आता आमचं मत ऐका, पटलं तर घ्या. जिच्याकडे पंधरा-वीस शेळ्या आहेत, तिने हे जरूर करावं. जिच्याकडे दोनच आहेत, तिच्या एका शेळीवर अर्धा संसार उभा असतो, मुलीची फी असते, आजारपण असतं. तिला "थांबा, बघू" असं आम्ही सांगत नाही. शंका आली तर पाजा. गायरान सगळ्या गावाचं आहे, तिथे साधे जंत राखायची जबाबदारी दोन शेळ्यांच्या मालकिणीवर टाकणं बरोबर नाही. ती मोठ्या कळपवाल्यांनी आधी उचलावी.

आता प्रत्यक्ष करायचं कसं, ते सावकाश सांगतो. उन्हात किंवा भरपूर उजेडात करायचं. बॅटरी नको, संध्याकाळचा बल्ब नको. एकीने शेळी धरायची. दुसरीने वरच्या पापणीने डोळा झाकून घ्यायचा आणि त्यावर अंगठ्याने हलका दाब द्यायचा. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढायची. आतली ओली कड आपोआप वर येते. तिचा रंग बघायचा, नुसत्या पापणीच्या काठाचा नाही. आणि बघायचं पटकन. पापणी उघडी धरून ठेवली की ती लाल व्हायला लागते आणि फिकी शेळीही चांगली वाटते. दोन्ही डोळे बघायचे; जो फिका, तो खरा धरायचा. एक आणि दोन नंबर सोडून द्यायचे. चार, पाच ताबडतोब. शेळीत तीनसुद्धा. गाभण, नुकतीच व्यालेली आणि करडं यांच्याबाबतीत तर विचारच करायचा नाही, कारण विण्याच्या सुमारास शेळीची जंतांशी लढायची ताकद कमी होते आणि करडांची ती अजून आलेलीच नसते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी. उन्हाळ्यात महिन्याने बघितलं तरी चालतं. हे काम कुणाच्या अंगावर येणार, ते आम्हाला माहीत आहे. शेळ्या आपल्या, लेंड्या झाडणं आपलं, आता पापण्या बघणंही आपलंच. खोटं कशाला बोला, सुरुवातीला जड जातं. पण हात बसला की एका शेळीला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि दोघी शेजारणी मिळून एकमेकींच्या शेळ्या बघितल्या तर नजरही पक्की होते. एकटीची नजर आपल्या आवडत्या शेळीला नेहमी एक नंबर जास्त चांगला देते.

कार्डाबद्दल पुष्कळ जणी विचारतात. ते प्रशिक्षणासोबत, डॉक्टरांमार्फत मिळायला हवं. मोबाईलवर फिरणारा त्याचा फोटो वापरू नका. प्रत्येक फोनवर रंग वेगळा दिसतो, झेरॉक्समध्ये तर काही उरतच नाही. कार्ड उन्हाने उडालं तर तेही बदलायचं. कार्ड नसेल तर निदान कळपातल्या शेळ्या एकमेकींशी ताडून बघा. बारीकसारीक फरक कळणार नाही, पण पांढरीफटक पापणी कार्डाशिवायही ओळखू येते, आणि आज मरायला टेकलेली शेळी तीच असते.

आणि हे फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे, हे विसरू नका. पापणी फिकी असण्याला इतर कारणंही असतात. अंगभर गोचीड असतील, पाणथळ जागी चरून यकृतात पर्णकृमी झाले असतील, रक्तातला एखादा आजार असेल, किंवा पोटाला खायलाच नसेल. उलट, धुळीने किंवा डोळे आल्याने पापणी लाल दिसेल आणि आतून शेळी रिकामी असेल. म्हणून पापणीसोबत जबड्याखाली हात फिरवा, पाठीच्या कण्यावर हात ठेवून मांस किती आहे ते बघा, शेपटीखाली घाण लागली आहे का, नाकातून शेंबूड येतो का, केस कसे आहेत, हेही बघा. पाजूनही पापणी लाल होत नसेल तर डॉक्टर. दुसरं, तिसरं औषध दुकानातून आणून पाजत बसू नका.

पाजायचं ते वजनावर. अंदाजाने तीस किलो म्हटलेली शेळी काट्यावर चाळीस निघते आणि डोस कमी पडतो. कमी डोस म्हणजे चिवट जंतांची शाळाच. शेळीचं अंग जंताचं औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा म्हणून लिहिलेला डोस शेळीला पुष्कळदा पुरत नाही. पण म्हणून स्वतःच्या मनाने वाढवूही नका, काही औषधं शेळीला थोडी जास्त झाली तरी विषासारखी होतात आणि गाभण शेळीला काही अजिबात चालत नाहीत. डॉक्टरांना विचारा, वहीत लिहून घ्या. पाजताना तोंड फार वर करू नका, औषध फुप्फुसात जातं.

मेच्या शेवटी, पावसाआधी सगळ्यांना पाजायची पद्धत आपल्याकडे आहे. त्याबद्दल विचार करायला हवा. उन्हाने तापलेल्या गायरानावर तेव्हा अळ्या जवळजवळ उरलेल्याच नसतात, सगळे जंत शेळ्यांच्या पोटातच असतात. नेमकं तेव्हा झाडून सगळ्यांना पाजलं, तर पहिल्या पावसानंतर गायरानावर जी अंडी पडतील ती फक्त वाचलेल्या चिवटांची. शिबिर बंद करा असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांशी बोला, आणि धडधाकट, लाल पापणीच्या मोठ्या शेळ्या त्यातून वगळता येतील का ते विचारा. "माझ्याच शेळीला का सोडलं?" असं शिबिरात कुणी रागाने म्हणालं, तर तिला तिच्याच शेळीची पापणी उलटून दाखवा.

बाजारातून आणलेल्या शेळीचं मात्र वेगळं. ती कुठल्या गायरानावरचे, कुठलं औषध पचवलेले जंत घेऊन आली आहे, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. तिला आठ-पंधरा दिवस वेगळी बांधा, डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजा, आणि त्या दिवसांतल्या लेंड्या गायरानावर टाकू नका.

पुन्हा पुन्हा फिकी पडणारी शेळी प्रत्येक कळपात एखाददुसरी असतेच. तिच्या नावापुढे वहीत खूण करा. दक्षिण आफ्रिकेतल्या कामात असंही दिसलं, की जंत सोसायची ही ताकद काही अंशी आईबापांकडून पिल्लांत उतरते. म्हणून अशा शेळीची पाट पैदाशीला ठेवू नका, आणि तिचा बोकड तर नाहीच. हे सांगायला सोपं आहे. ती दूध चांगलं देत असेल, माहेरहून आलेली असेल, तर मन होत नाही, ते आम्ही जाणतो.

यावर आपल्या महाराष्ट्रातही काम झालं आहे, तिकडे साताऱ्याकडे फलटणला. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि पशुवैद्य डॉ. प्रदीप घळसासी यांनी मेंढ्यांवर काम केलं. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी असते. अंगाने लहान, पण दलदलीत चरणारी आणि जुळी-तिळी देणारी. तिचा संकर आपल्या दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीशी करून त्यांनी कोकरांची वाढ आणि लेंडीतली जंतांची अंडी, दोन्ही तपासली. २००३ साली त्याचा निबंध छापून आला. गॅरोलचं रक्त असलेल्या कोकरांत अंडी कमी निघाली. दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या जंतांशी झुंजून जे टिकलं, ते रक्तात उतरलेलं. पण ही कोकरं वाढायला मात्र दख्खनीच्या मानाने मागे. फुकट काहीच मिळत नाही. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संशोधन संस्थेतही हिमाँकसला दाद न देणाऱ्या मेंढ्या निवडून पैदास करण्याचं काम झालं आहे. आपल्या उस्मानाबादी शेळीत अशी निवड करायची तर नोंदी लागतील, आणि त्या तुमच्या-आमच्या वह्यांतच असणार. अंगठेबहाद्दर असलात तर नातवंडाकडून लिहून घ्या. शेळीचं नाव, तारीख, पापणीचा नंबर, पाजलं की नाही. चार रकाने पुरेत.

राहिला त्या मावशींचा प्रश्न, औषध काम करतंय की नाही. हे घरबसल्या कळत नाही, पण कळण्याची सोय आहे. पाजायच्या दिवशी सकाळी त्या शेळीच्या ताज्या लेंड्या घ्या, जमिनीवर पडून वाळलेल्या नकोत. दहा-बारा लेंड्या छोट्या पिशवीत घालून, हवा काढून, गाठ मारून, त्यावर शेळीचं नाव आणि तारीख लिहा. उन्हात ठेवू नका, माठाजवळ ठेवा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. पुन्हा दहा ते चौदा दिवसांच्या आत त्याच शेळ्यांच्या लेंड्या द्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वेळची अंडी मोजतात. औषध चांगलं असेल तर शंभर अंड्यांची पाचाच्या आत यायला हवीत. तेवढी कमी झाली नाहीत, तर एक तर डोस कमी पडला किंवा आपल्या गावच्या जंतांनी ते औषध पचवलं. एका शेळीवरून हे ठरत नाही, एका गायरानावरच्या दहा-पंधरा तरी लागतात, म्हणून हे काम वाडीने मिळून करायचं आहे.

येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही समाजमंदिरापाशी पिशव्या गोळा करायला उभ्या आहोत. ज्यांनी या आठवड्यात अजून पाजलेलं नाही त्यांनीच लेंड्या आणा. आणि मावशी, तुमची ती वाळत चाललेली शेळी घेऊन या, लेंड्या नसल्या तरी चालतील. आधी तिची पापणी बघू.